पाहुण्यांचा पुडा

माझं शुद्धलेखन चुकतं, त्याची आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर तर असं आहे की ओळ सरळ सुरू होते आणि कागद संपेपर्यंत खाली घसरते. चौथीपर्यंत शाळा झाली. पुढची शाळा सुलतानपूरला होती, तिकडे पाठवणारं घरात कोणी नव्हतं. नंतर कित्येक वर्षं पेन हातात आला तो सहीपुरताच. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. सुनेच्या वहीत कोरी पानं उरली होती, आणि माझ्या डोक्यात एक गोष्ट अशी होती जी मला स्वतःलाच अजून खरी वाटत नाही. म्हणून लिहून ठेवते.

सून जानेफळची. लग्नाला वर्ष होत आलं होतं तेव्हा एका दुपारी ती म्हणाली, आई, आज केक करते. मला हसू आलं. केक म्हणजे बीबी गावच्या बाजारातून खोक्यात येतो, वरून पांढरी मलई, एवढंच मला माहीत. आमच्या घरी गॅसची शेगडी, एक कढई, एक तवा. त्यात केक कुठून व्हायचा? तिने दुकानातून दहा रुपयांचे दोन बिस्किटांचे पुडे आणले, लाटण्याने ते पुड्यातल्या पुड्यातच कुटले, पातेल्यात ओतले, वरून पेलाभर दूध टाकलं आणि सोड्याची एक पुडी फोडून घातली. सोडा पडला तसं सगळं फसफसलं. मग कढईत मीठ पसरून त्यावर ताटली ठेवली, ताटलीवर तुपाचा हात फिरवलेला स्टीलचा डबा, त्यात ते पीठ, आणि वर झाकण.

मी शेगडीजवळच बसून राहिले. माझा जन्म भाकरी करण्यात गेला. भाकर एकदा तव्यावर गेली की ती भाकरच. शिळी होईल, वाळेल, तिचा कुस्करा करून दूध घालता येईल, पण तिचं परत पीठ होत नाही. हे बिस्कीट कोणीतरी कुठेतरी एकदा भाजलेलं होतं. तरी ते दुधात पडलं आणि पुन्हा कच्चं झालं, जसं काही झालंच नव्हतं. आणि आता ते दुसऱ्यांदा भाजत होतं. थोड्या वेळाने घरभर असा वास सुटला की शेजारची पोरं दारात येऊन उभी राहिली. झाकण काढलं तर डब्याच्या वर आलेला, तांबूस, मध्ये जरासा तडकलेला केक. मी बोट लावून दाबला. तो दबला आणि परत वर आला. मी पुन्हा दाबून पाहिला. सून म्हणाली, आई, आता खा पण.

आमच्या गावात बायकांचा एक बचत गट आहे. दहाजणी आहोत. निम्म्या आमच्या वस्तीतल्या, म्हणजे बौद्ध, आणि निम्म्या गावातल्या. दर महिन्याला शाळेच्या ओसरीवर बैठक होते, ठरलेली रक्कम जमा होते, आणि त्यातून जिला लागेल तिला कर्ज मिळतं. गटाच्या अध्यक्ष गावातल्या एक वयस्क काकू आहेत. त्यांच्या दोन म्हशी आहेत, आणि आमच्या वस्तीत बहुतेक घरी दूध त्यांचंच येतं. काकूंना लिहिता-वाचता येत नाही, अंगठा करतात, पण हिशेब तोंडी असा पक्का की कोणी बोलायची हिंमत करत नाही. मी तर त्यांच्यासमोर कधी दोन शब्द धड बोलले नव्हते. मी कोणासमोरच बोलत नाही. बैठकीत भिंतीला पाठ लावून बसायचं आणि नाव पुकारलं की पैसे पुढे करायचे, एवढाच माझा भाग.

एक रीत इथे सांगावी लागेल, नाही तर पुढचं कळणार नाही. गावातलं वयस्क माणूस कामानिमित्त आमच्या वस्तीत आलं, तर त्याला काय द्यायचं हे कोणी शिकवलेलं नसतं, पण सगळ्यांना माहीत असतं. चहा विचारायचा नाही. विचारला तर त्याला नाही म्हणावं लागतं, आणि नाही म्हणताना दोघांनाही खाली बघावं लागतं. म्हणून घरात एक बंद बिस्कीट पुडा ठेवायचा. तो फोडायचा नाही, ताटलीत काढायचा नाही. बंदच हातात द्यायचा. ते तिथेच फोडून एखादं खातात, किंवा पिशवीत टाकून नेतात. कारखान्यात बंद झालेल्या पुड्याला कोणाचाच हात लागलेला नसतो. आमच्या घरी असा पुडा पत्र्याच्या डब्यात असायचा. पोरंसुद्धा त्याला हात लावत नसत. त्याला आम्ही पाहुण्यांचा पुडा म्हणायचो. तरुण पोरं आता असं काही पाळत नाहीत, एकमेकांच्या घरी जेवतात. पण काकूंच्या वयाची माणसं अजून पुडाच घेत होती. काकू वर्षातून एखाद्या वेळी यायच्या, त्याही अंगणातच उभ्या राहायच्या.

तर, गटाचा हिशेब तपासायला लोणारहून एक ताई येतात. त्यांनी एका बैठकीत सांगितलं की हिवाळ्यात तालुक्याला महिलांचा मेळावा भरणार आहे, तिथे आपल्या गटाने पदार्थांचं एक पुस्तक काढून विकावं. प्रत्येकीने एक पदार्थ द्यायचा, तिच्या नावासकट छापायचा. जुने पदार्थ द्या म्हणाल्या. ज्वारीच्या कण्या, आंबील, खारोड्या, पातोडीची भाजी. शहरातल्या लोकांना आता तेच हवं असतं. सगळ्यांनी माना हलवल्या. पुढच्या बैठकीला त्यातलं एकही कोणी आणलं नाही.

सुरुवात काकूंनी केली. गुलाबजामचं पाकीट आणा. पाकिटावर लिहिलं तसं गोळे करून तळा. पाकात टाका. ताई पुढचं ऐकायला पेन धरून थांबल्या, तर काकूंचं संपलं होतं. दुसरीने पाकिटातल्या झटपट शेवया सांगितल्या, त्यात मसाल्याच्या पुडीसोबत हिरव्या मिरचीचा ठेचा. तिसरीने पोंग्यांची भेळ. पोंगे म्हणजे ते पिवळे नळीसारखे, पोरं बोटात घालून फिरतात ते. पोंगे तळा, कांदा-टमाटा टाका, लगेच खा, नाही तर सादळतात. चौथीचं तर सगळ्यात सोपं. थंड पेयाच्या बाटलीत आइस्क्रीमचा कप उलटा करा.

ताईंनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "अहो, हे तर पाकिटावरच छापलेलं असतं."

"पाकिटावर मुंगीएवढं असते, ताई," काकू म्हणाल्या. "तुमी मोठ्या अक्षरात लिहा."

सगळ्या हसल्या. ताईसुद्धा हसल्या, पण त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी परत विचारलं, कण्या का नाही कोणी देत? त्यावर आमच्या वस्तीतली सगळ्यात म्हातारी आजी, जी बैठकीत नेहमी डुलक्या घेते, ती एकदम जागी झाली. "कण्या कायच्या लिहितं माय? घरात काही नसलं म्हंजे कण्या. ते शिकवा लागते का कोणाले?"

काकू म्हणाल्या, "आमच्याबी घरी तेच व्हतं. दुष्काळात तर कण्याबी मोजून. ते पुस्तकात नको."

मी भिंतीजवळ बसून ऐकत होते. मला आयुष्यभर वाटत होतं की कण्या फक्त आमच्याकडेच. त्यांच्या घरी पहिल्यापासून गहू-तांदूळ असेल असंच मी धरून चालले होते. आणि दुसरंही एक मला तिथे उमगलं. पुस्तकात जायला पदार्थ अवघड असावा लागतो, निदान मसाले तरी पुष्कळ लागावेत, असं मला वाटायचं. इथे पाकीट फोडा, पाणी उकळा, टाका, झालं. जिला आईने कधी स्वयंपाक शिकवला नाही, जी दिवसभर निंदायला जाऊन कंबर मोडून घरी येते, तिलाही जमावं इतकं सोपं. एवढी सोपी गोष्ट पुस्तकात छापतात हे पाहून मला हलकं हलकं वाटलं. म्हणून माझं नाव पुकारलं तेव्हा मी मान खाली घालूनच म्हणाले, बिस्किटाचा केक.

ताईंनी विचारलं, किती ग्रॅम बिस्किटं? मला काय माहीत. मी म्हणाले, दहा रुपयांचे दोन पुडे. ताईंनी तसंच लिहिलं. सगळ्या पुस्तकाचं माप तसंच झालं. पाच रुपयांची शेव, दहाचे पोंगे, पाच रुपयांचं पाकीट. आम्ही दुकानात मागतोच तसं. पाचाची हळद दे, दहाचं तेल दे. किलो-ग्रॅम दुकानदाराच्या काट्याला ठाऊक.

छापण्याआधी प्रत्येक पदार्थ करून सगळ्यांनी खाऊन पाहायचा, असा ताईंचा नियम होता. ज्या दिवशी माझी पाळी आली त्या दिवशी सकाळपासून मला डबा न्यावासा वाटत नव्हता. केक बिघडेल म्हणून नव्हे. शाळेच्या ओसरीवर एका चटईवर बसणं वेगळं, आणि आमच्या चुलीवरचं तोंडात घालणं वेगळं. मी डबा फडक्यात बांधून नेला. सुनेने सुरीने वड्या पाडून दिल्या होत्या. आमच्या वस्तीतल्या बायकांनी पटापट उचलल्या. गावातल्या चौघींनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी वडी हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली.

"काय काय टाकलं यात?"

"बिस्किटं," मी म्हणाले. "अन् दूध. अन् सोडा."

"पाणी?"

प्रश्न मला कळला होता. तिथल्या सगळ्यांनाच कळला होता. "पाणी नाई लागत यात, काकू."

"दूध कोनाचं?"

"तुमच्याच म्हशीचं."

कोणीतरी पदर तोंडाला लावला. काकू म्हणाल्या, "मंग हे माह्याच घरचं हाये की," आणि वडी तोंडात घातली. चावता चावता त्यांच्या भुवया वर गेल्या. "मायबाई, म्हैस काय काय करून राह्यली, पाहा."

ओसरीवर एवढं हसू झालं की मास्तर वर्गातून बाहेर डोकावले. त्या चौघींनीही खाल्लं. काकूंनी तो केक म्हणून खाल्ला की बिस्कीट म्हणून, मला माहीत नाही. मी विचारणारी नव्हेच. पण घरी येताना रिकामा डबा हातात हलका हलका वाजत होता. कधी नव्हे ते त्यातलं सगळं संपलं होतं.

मग छपाईच्या पैशांचा प्रश्न आला. मेहकरच्या छापखान्याने पाच हजार सांगितले. गटातून कर्ज काढायचं ठरलं, पण कर्ज कोणाच्या तरी एकीच्या नावावर पडावं लागतं, आणि सगळ्यांच्या नावावर आधीचं काही ना काही होतं. कोणाचं शिलाई मशीन, कोणाच्या शेळ्या. फक्त माझ्या नावावर काही नव्हतं, कारण मी कधी मागायला तोंडच उघडलं नव्हतं. काकू म्हणाल्या, हिच्या नावावर टाका, पुस्तकं विकली की फिटून जाईल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायला जेवढं बोलावं लागतं तेवढंही मला येत नाही. मी सही केली. घरी येऊन सुनेला सांगितलं, तर तिने विचारलं, अन् पुस्तकं नाही विकली तर? तर मला निंदणीच्या मजुरीतून फेडावे लागणार होते. दोन हंगाम तरी गेले असते, आणि घरात मालकांना तोंड द्यावं लागलं असतं ते वेगळंच. त्यांना मी सांगितलंच नव्हतं.

छापखान्याला उशीर झाला. केक उन्हाळ्यात खाल्ला होता, पुस्तकं दिवाळीनंतर आली. गठ्ठे माझ्याच घरी ठेवले, कर्ज माझ्या नावावर म्हणून. मी एक पुस्तक काढून उजेडात नेलं. मोठ्या काळ्या अक्षरात बिस्किटाचा केक, खाली माझं नाव, गाव. मी ते पान बोटाने चाचपून पाहिलं. अक्षरं हाताला लागत नव्हती, तरी ती तिथे होती. चौथीच्या पुस्तकात जशी दुसऱ्यांची नावं असायची तसं माझं नाव. त्या दिवशी भाकरी दोनदा करपल्या.

मेळावा लोणारला दोन दिवस होता. आम्हाला एक टेबल आणि एक शेगडी मिळाली. ताईंनी सांगितलं, पुस्तकातला एखादा पदार्थ लोकांसमोर करून दाखवा, म्हणजे पुस्तक खपतं. सगळ्यांनी केकच म्हटलं, वासाने लोक येतात. मी तिथल्याच दुकानातून पुडे आणले. पुडे तेच, चित्र तेच, दहा रुपये तेच. पुस्तकात होतं तसंच सगळं केलं. वास सुटला, बायका जमल्या. झाकण काढलं तर कडेने केक आणि मध्ये नुसती लापशी. मी वाट पाहिली, परत झाकण घातलं. लापशीच राहिली. दुसऱ्यांदा केला, तोही तसाच. समोर उभ्या असलेल्या एका बाईने हातातलं पुस्तक परत टेबलावर ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, असंच होत असेल तर राहू द्या. बाकीच्याही एकेक करून शेजारच्या पापडांच्या टेबलाकडे गेल्या.

माझ्यावर कोणी रागावलं नाही. काकू म्हणाल्या, सोडा जुना असंल. जीपमध्ये घरी येताना सगळ्या बाहेर बघत होत्या. दिवसभरात पाच-सहा पुस्तकं गेली असतील. मी मांडीवर डबा धरून बसले होते. डब्यात ती लापशी तशीच होती, कोणी खाल्ली नव्हती.

घरी सुनेने डब्यात बोट घातलं आणि म्हणाली, पातळ झालं होतं आई. दूध जास्त पडलं का? मी म्हणाले, पेला तोच. मग बिस्किटं कमी पडली का? मी म्हणाले, पुडे तेच. मग तिची नजर पत्र्याच्या डब्यावर गेली. पाहुण्यांचा पुडा कधीपासून तिथे होता. मधल्या काळात कोणी आलंच नव्हतं. तो उन्हाळ्याच्याही आधीचा असावा.

"फोडू का?" ती म्हणाली.

माझ्या मनात आलं, उद्या कोणी आलं तर? पण शेवटी मान हलवली. आमच्या घरात तो पुडा आम्ही स्वतःच्या हाताने पहिल्यांदाच फोडला. तिने त्यातली बिस्किटं एका परातीत ओळीने मांडली, आणि त्याच्या खाली आज आणलेल्यातल्या एका उरलेल्या पुड्यातली. दोन्ही ओळी सोबत निघाल्या. मग खालची थांबली आणि वरची पुढे जात राहिली.

मी परातीकडे बघत राहिले. दहा रुपये तेच होते. चित्रातलं पोरही तसंच हसत होतं. कुठेतरी कोणीतरी एका दिवशी ठरवलं, आणि सगळ्या गावांतल्या, सगळ्या दुकानांतल्या, सगळ्या पुड्यांतून थोडी थोडी बिस्किटं उचलून घेतली, आणि एवढ्या मोठ्या मुलखात कोणाला आवाज आला नाही. मला राग यायला हवा होता. पण मला भीती वाटली, आणि नवलही वाटलं, आभाळाकडे पाहून वाटतं तसं. एवढा लांब हात कोणाचा असेल?

दिवेलागणीला अंगणात काकूंचा आवाज आला. त्यांनाही घरी बसवलं नव्हतं. त्या नेहमीसारख्या बाहेरच उभ्या राहिल्या. सुनेने परात बाहेर नेऊन दाखवली. काकूंनी वाकून दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं.

"म्हंजे तुहा केक नाई बिघडला," त्या म्हणाल्या. "पुडाच खंगून राह्यला."

मग त्यांच्या लक्षात आलं की एकटा केकच नव्हे, पुस्तकभर तेच माप आहे. पोंग्यांचं पाकीट, शेवयांचं पाकीट. सगळं रुपयांत. आता पुन्हा छापणार कोण? काकूंनी विचारलं, गठ्ठे कुठे आहेत? आत, मी म्हणाले. त्या चपला काढून आत आल्या. गठ्ठ्याजवळ खाली मांडी घालून बसल्या, एक पुस्तक उचललं आणि माझ्यापुढे धरलं. "मले लिहिता येत नाई. मी पान धरतो, तू लिही."

मी म्हणाले, काकू, माझं अक्षर बरं नाही, सून लिहील. सूनही लिहील, त्या म्हणाल्या, पण एवढी पुस्तकं एकटी कधी लिहील? "लोकायले वाचता येते ना? मंग झालं." तेव्हा सून शेवयांच्या आणि पोंग्यांच्या पानावर लिहू लागली आणि मी माझ्या पानावर. पुडा लहान झाला आहे, बिस्किटं मूठभर जास्त घ्या, पीठ पळीवरून जाड पडलं पाहिजे. प्रत्येक पुस्तकात तेच. काकू केकचं पान अंगठ्याने दाबून धरायच्या. कुठलं पान ते त्यांना वाचता येत नव्हतं, पण एकदा दाखवल्यावर परत चुकल्या नाहीत. माझी ओळ दरवेळी खाली घसरायची. त्या पुढचं पुस्तक उघडून धरायच्या.

अर्धा गठ्ठा झाला तेव्हा सुनेने माझ्याकडे पाहिलं. मला तिची नजर कळली. काकू घरात येऊन एवढा वेळ बसलेल्या, आणि त्यांना द्यायला काही नव्हतं. पाहुण्यांचा पुडा परातीत उघडा पडला होता. दुकान बंद झालं असेल. माझा हात थांबला.

काकूंनी पान सोडलं नाही. वर न बघताच म्हणाल्या, "च्या ठेवतं का नाई? का आज बी पुडाच हातात देतं?"

सून उठली आणि तिने चहा ठेवला. मी लिहित्या पुस्तकाकडेच पाहत राहिले, पण मला सगळं ऐकू येत होतं. पातेल्यात आमच्या माठातलं पाणी पडल्याचा आवाज, साखरेचा डबा, गाळणी. काकूंनी कप घेतला, बशीत ओतला, फुंकर मारली. परातीतलं वरच्या ओळीचं एक बिस्कीट उचलून चहात बुडवलं. दूध त्यांचं होतं. पाणी आमचं होतं. त्यांनी बशी रिकामी केली आणि परत भरली.

त्या एवढंच म्हणाल्या की साखर जरा जास्त आहे. आणि पुढचं पुस्तक उचललं.

मी कित्येक वर्षं त्यांच्या अंगणातून दूध आणत होते. आधी माझं भांडं खाली ठेवायचं, त्या वरून ओतायच्या. पुढे कधीतरी त्या हातातच द्यायला लागल्या, ते केव्हा झालं ते मला आठवत नाही. हे मात्र मी पाहिलं. रात्री त्यांचा कप विसळताना मी तो जरा वेळ हातातच धरून ठेवला होता. साधा कप होता, कान फुटलेला.

दुसऱ्या दिवशी लोणारला मी मूठभर बिस्किटं जास्त घातली. केक डब्याच्या वर आला, तडकला, दाबला तर परत उठला. वड्या पाडायला काकू स्वतः बसल्या. एक ओळखीची बाई त्यांना हळूच काही विचारायला वाकली. काकू तिला मोठ्यानेच म्हणाल्या, "हिच्या हातचा हाये. मी काल हिच्या घरी च्या पेलो," आणि वडी तिच्या हातावर ठेवली. त्या बाईने खाल्ली. मी टेबलाखाली वाकून उगीच मीठ शोधत राहिले.

पुस्तकं गेली. कोणी पोरगी म्हणाली, मी खोली करून राहते, मला एवढंच पाहिजे, कोणी म्हणाली, नवीन सुनेला देते. एकीने माझी हाताने लिहिलेली ओळ वाचली आणि विचारलं, हे कोणी लिहिलं? मी वड्यांची ताटली तिच्यापुढे सरकवली. ती म्हणाली, बरं झालं लिहिलं, मागच्या आठवड्यात माझाही केक असाच बसला होता.

उरलेली ताईंनी दुसऱ्या गावांच्या गटांना दिली. पैसे थोडे थोडे येत गेले आणि मी दर बैठकीला भरत गेले. आमच्या डब्यात आता बंद पुडा नसतो. बिस्किटं ठेवते, पण उघडी, बरणीत. होळीच्या आधीच्या बैठकीला मी शेवटचे पैसे ओसरीवर काकूंच्या पुढे ठेवले. त्यांनी मोजले, परत मोजले, आणि ताईंना म्हणाल्या, लिहा. ताईंनी माझ्या नावापुढे रेघ मारली. व्याजासकट सगळे पैसे फिटले.